मोजणीदारांची सकाळची फेरी

मोजणीदार मयतीलाही फीत घेऊन जायचे. खांद्याला चामड्याचा पट्टा, पट्ट्याला गोल डबी आणि डबीत पन्नास मीटरची पोलादी फीत. लग्न, बारसं, साकोलीचा बाजार, कुठेही जायचं असलं तरी ती बरोबर असायची. कुणी हसून विचारलंच तर म्हणायचे, "घरी ठेवली तं तुमची काकी तिच्यावर ओले कपडे वाळू घालते." काकींनी तसं कधी केलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फीत नसली की त्यांना अनवाणी निघाल्यासारखं वाटत असावं. मला त्या फितीचा फार राग यायचा. तो राग नसून हेवा होता, हे समजायला मात्र बरीच वर्षं जावी लागली.

नाव त्यांचं दुसरंच होतं, पण सरकारी मोजणी खात्यात आयुष्यभर लोकांची शेतं मोजली म्हणून सगळे त्यांना मोजणीदार म्हणायचे आणि तोंडावर काकाजी. मूळचे आमच्याच करडी गावचे, धान करणाऱ्या घरातले. नोकरीपायी साकोलीला गेले आणि तिथलेच झाले. आठवडाभर ते भावाभावांमधले धुरे, म्हणजे शेताचे बांध, मोजायचे. एका बांधावरून कुऱ्हाडी काढलेले दोन भाऊ मोजणीदारांची फीत उलगडली की गप्प उभे राहायचे. रविवारी मात्र ते मैदानावर असायचे. जिल्ह्याच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेचे ते बिनपगारी सचिव होते. शर्यती भरवायच्या, पंच गोळा करायचे, मुलांचे जन्मदाखले तपासायचे, वर कागद पाठवायचे, अशी सगळी हमाली त्यांच्याकडे. बदल्यात वर्षाला एक शाल मिळायची. ती ते गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्याला देऊन टाकायचे.

"मोजल्याशिवाय बोलाचं नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. कुणी बाप कौतुकाने सांगू लागला की माझा पोरगा वाऱ्यासारखा पळतो, तर मोजणीदार शांतपणे विचारायचे, "किती मीटर? कोणाच्या घड्याळात?" बापाचा चेहरा उतरायचा. घरीही तेच. भाजीत मीठ बरोबर आहे का, असं काकींनी विचारलं तर दुसरा घास खाल्ल्याशिवाय उत्तर द्यायचे नाहीत. काकी म्हणायच्या, "लग्नाच्या वेळेस ह्या माणसानं मले हो म्हणायले आठ दिवस लावले."

माझं त्यांच्याशी वैर जमलं ते मी शाळेत असताना. मी आठशे मीटर धावायचो. या शर्यतीत पहिलं वळण आपापल्या पट्टीतून धावायचं असतं. वळण संपलं की एक आडवी रेघ येते, ती ओलांडल्यावरच आत शिरता येतं. जिल्ह्याच्या स्पर्धेत मी पहिला आलो. वडील कुंपणाशी उभे राहून अनोळखी लोकांना बोटाने मला दाखवत होते. तेवढ्यात मोजणीदार माझ्यापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाबू, रेघेच्या आधीच पाय आत पडला तुहा. तुले बाद कराव लागते."

"कोणीच नाही पाहिलं काकाजी," मी म्हणालो.

"मी पाहिलं ना."

दुसऱ्या आलेल्या मुलाला पदक मिळालं. मी बांधावर बसून रडलो. मोजणीदार येऊन शेजारी बसले, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "पुढच्या साली ये. पाय जपून टाकजो." मी पुढच्या साली गेलो नाही. मी वकील व्हायचं ठरवलं. नियम सांगून कुणी माणूस माझं पदक काढून घेऊ शकतो, तर ते नियम मला त्याच्यापेक्षा जास्त आले पाहिजेत, एवढाच त्यामागचा विचार होता. लोक देशसेवेसाठी वगैरे वकील होतात, मी एका मोजणीदाराला हरवायला झालो.

नागपुरात वकिली शिकलो, पुण्याला जाऊन क्रीडा कायद्याचा वेगळा अभ्यासक्रम केला. परत येऊन कार्डं छापली, त्यावर 'क्रीडा कायदा सल्लागार' असं सोनेरी अक्षरात. साकोलीच्या बसस्टँडवर एका खेळाडूच्या वडिलांना मी ते कार्ड दिलं. त्यांच्या मुलाच्या वयाच्या दाखल्याचा घोळ होता. मी त्यांना पंधरा मिनिटं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कार्ड खिशात घातलं, हात जोडले आणि म्हणाले, "बरं झालं वकीलसाहेब तुम्ही सांगतलं. आता मोजणीदाराले विचारून येतो एकडाव." माझ्या पोटात अस्सं दुखलं. पदवी माझ्याकडे, काळा कोट माझ्याकडे आणि लोकांचा विश्वास त्या चामड्याच्या डबीत.

त्यांच्याकडे नियमांचं एक जुनं झेरॉक्स पुस्तक होतं, धानाच्या बियाण्याच्या पिशवीत गुंडाळलेलं. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं. एकदा त्यांनी मला मुद्दाम बोलावून एका कलमाचा अर्थ विचारला. मी हरखून गेलो. खुर्ची पुढे ओढून सविस्तर सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असंच समजलो होतो मी. पक्कं करून घेतलं तुमच्याकडून." पुस्तकात त्या कलमाच्या कडेला त्यांनी हाच अर्थ पेन्सिलीने आधीच लिहिलेला होता. घरी येऊन मी बायकोवर विनाकारण चिडलो.

आता जी गोष्ट सांगायची आहे, तिच्याआधी त्यांची एक रीत सांगायला हवी. साकोलीचं मैदान म्हणजे मातीचं. शर्यतीच्या आदल्या दिवशी मोजणीदार फीत लावून चारशे मीटरची धाव, म्हणजे धावपट्टी, आखायचे आणि आतल्या कडेने दोन-दोन पावलांवर चुना लावलेल्या विटा मांडायचे. मोजमाप त्या विटांवरून ठरतं. कडेला विटा असल्या की धावणारा जरा अंतर राखून धावतो, म्हणून फीत कडेपासून तीस सेंटीमीटरवर धरायची. नुसती चुन्याची रेघ असली की तो रेघेला चिकटून धावतो, तेव्हा वीसवर. म्हणजे तीसवर मोजलेल्या धावेच्या विटा कुणी उचलल्या, तर धाव आपोआप आखूड होते. म्हणून शर्यतीच्या दिवशी सकाळी ते एकटेच धावेभोवती फेरी मारून विटा बघून यायचे. या फेरीशिवाय त्यांनी कधी शिट्टी वाजवू दिली नाही. एक दिवस सोडून.

त्या दिवशी मी प्रमुख पाहुणा होतो. ज्या मैदानावर बाद झालो, त्याच मैदानावर माझं नाव पुकारलं जाणार होतं आणि ते मोजणीदारांनी ऐकायलाच हवं होतं. ते फेरीला निघाले तसा मी माइकवरून म्हणालो, "आमचे सचिव काकाजी मंचावर असल्याशिवाय मी बोलायला सुरुवात करणार नाही." टाळ्या पडल्या. ते बिचारे परत आले, फीत मांडीवर घेऊन कडेच्या खुर्चीत बसले. मी बोललो. क्रीडा कायदा, खेळाडूंचे हक्क, पुणे, दिल्ली, जे जे ठाऊक होतं ते सगळं. ते दोनदा उठायला लागले, मी दोनदा त्यांचा उल्लेख करून त्यांना परत बसवलं. बोलता बोलता लांब शेवटच्या वळणाकडे धूर निघताना मला दिसला. मला वाटलं, मुलांची खिचडी शिजते आहे. भाषण संपलं तेव्हा ऊन चढलं होतं, वरून आलेले पंच घाई करत होते. लगेच शर्यती सुरू झाल्या.

पंधराशे मीटरमध्ये आंबागडची आचल पहिली आली. तिचे वडील जंगलात मजुरीला जातात. तिथल्या किल्ल्याच्या पायथ्याच्या वाटांवर पळून पळून तयार झालेली मुलगी. तिची वेळ राष्ट्रीय स्पर्धेच्या संघात बसण्याइतकी होती. पण दुसऱ्या जिल्ह्याच्या प्रशिक्षकाने हरकत घेतली की असल्या मातीच्या मैदानाचं मोजमाप धरू नये, आणि तिचं नाव यादीतून निघालं. वडील तिला घेऊन माझ्याकडे आले. पहिल्यांदाच जिल्ह्यातलं कुणीतरी मोजणीदारांना न विचारता थेट माझ्याकडे आलं होतं. मी अठरा पानांचा अर्ज लिहिला. सोबत मोजणीदारांचा मोजमापाचा दाखला जोडला आणि त्यांना साक्षीदार केलं. त्यांनी फक्त 'धाव पूर्ण चारशे मीटर होती' एवढं म्हणायचं होतं. युक्तिवाद मी करणार होतो, जिंकणारही मीच होतो.

सुनावणी नागपूरला, संघटनेच्या अपील समितीपुढे होती. त्या सकाळी तिथल्या कार्यालयाच्या दाराबाहेरच्या टपरीवर मोजणीदार चहाचा कप तसाच हातात धरून उभे होते.

"वकीलसाहेब, काल जाऊन पाहिलं मी. साक्षीच्या आधी पुन्हा मोजाव म्हटलं," ते म्हणाले. "मैदानावरच्या ढिगातल्या लय विटा काळ्या झाल्या आहेत. खिचडीवाल्या बाईले विचारलं. शेवटच्या वळणावरची सगळी रांग तिनं चुलीसाठी उचलली होती. शर्यतीच्या आधीच."

मला तो धूर आठवला.

"किती फरक पडते?" मी विचारलं.

"त्या वळणावरून चारदा गेली पोरगी. सव्वा मीटर कमी धावली ते."

"काकाजी, सव्वा मीटर म्हणजे एक ढांग. हे कोणालेच माहीत नाही."

"मले माहीत आहे ना," ते म्हणाले आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला.

आत त्यांनी सगळं सांगितलं. माझ्या अठरा पानांची दोन मिनिटांत रद्दी झाली. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही सकाळी फेरी मारता, असं दाखल्यात तुम्हीच लिहिलं आहे. त्या दिवशी का मारली नाही?" मी खाली कागदांकडे बघत बसलो. मोजणीदार म्हणाले, "राहिली. चूक माही आहे." अध्यक्षांनी पुन्हा कारण विचारलं. "कारण काही नाही जी. राहिली." मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. उठून एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही.

मग त्यांनी बियाण्याच्या पिशवीतून पुस्तक काढलं आणि एका कलमावर बोट ठेवून ते अध्यक्षांपुढे सरकवलं. आयोजकाच्या चुकीने खेळाडूचं नुकसान झालं तर त्याला पुन्हा धावायची संधी देता येते. "मैदान माह्या ताब्यात होतं. शिक्षा मले करा, पोरीले धावू द्या." ते कलम मला पाठ होतं. पुण्याला त्यावर मी निबंध लिहिला होता. अर्जात मात्र ते नव्हतं, कारण त्यात चूक कबूल करावी लागते, आणि मला फक्त जिंकायचं होतं.

आठ दिवसांनी नागपूरच्या चांगल्या मैदानावर आचल पुन्हा धावली. मोजणीदारांना सचिवपदावरून काढलं होतं, त्यामुळे त्यांच्याकडे आत यायचा बिल्ला नव्हता. ते जाळीबाहेर उभे होते, खांद्याला फीत. माझ्या गळ्यात बिल्ला होता आणि मी अंतिम रेषेपाशी होतो. मुलीने वेळ गाठली, थोडक्यात गाठली, आणि धापा टाकत माझ्या अंगावरून सरळ जाळीकडे गेली. जाळीतून बोटं घालून म्हणाली, "आबाजी, आता तं पूर्ण होतं ना?"

"पूर्ण होतं. मी बाहेरून पावलं टाकून पाहिलं," मोजणीदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो माझा आला. तिला न्याय मिळवून देणारा वकील. हरलेल्या, पद गेलेल्या, जाळीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा हेवा वाटणारा वकील जिल्ह्यात दुसरा नसेल. सचिवपद पुढे माझ्याकडे आलं. मी मागितलं नव्हतं, पण नाहीही म्हणालो नाही. मोजणीदार स्वतः घरी येऊन फीत देऊन गेले. "रोज पुसत जा, नाही तं गंज चढते," एवढंच म्हणाले. भाषणाच्या त्या दिवसाबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी मोकळा झालो असतो, आणि मला वाटतं हे त्यांना कळत होतं. कळत नसेल तरी मी तसंच धरून चालतो, म्हणजे त्यांच्यावर थोडं चिडता येतं.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. मयतीला मी फीत खांद्याला लावूनच गेलो. तेराव्याला काकींनी एक वही हातात दिली. "तुमच्या कामाची आहे म्हणे. वकीलसाहेबालेच देजो म्हणून सांगून गेले."

वहीत त्यांनी घेतलेल्या प्रत्येक स्पर्धेची एक ओळ होती. तारीख, मैदान, मोजमाप, चूक, कारण. चुका बऱ्याच होत्या आणि प्रत्येकीपुढे कारण लिहिलेलं होतं. चुना ओला होता. फीत उन्हाने ताणली. ताप होता, पंच म्हणून उभं राहायला नको होतं. माझ्या आठशे मीटरचीही ओळ सापडली. 'पोरगा बाद. कारण : आडवी रेघ फिकट मारली होती, ठळक पाहिजे होती.'

मग आचलच्या शर्यतीचं पान काढलं. 'शेवटच्या वळणावर विटा नाहीत. सव्वा मीटर कमी. सकाळची फेरी राहिली.' कारणाचा रकाना कोरा होता. अख्ख्या वहीत तेवढा एकच.

मी पेन काढलं. वकिलाला एरवी शब्द लगेच सुचतात, त्या दिवशी काकी चहा घेऊन आल्या आणि तो निवून गेला तरी मी लिहीतच होतो. शेवटी चार शब्द झाले. 'कारण : प्रमुख पाहुण्यांचे भाषण.' खाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं, सही केली आणि वही उघडीच काकींच्या हातात दिली.