चार हातांचं काम

भाऊजींशी एकतीस वर्षांचं नातं. पण ते कसे होते असं कुणी विचारलं असतं, तर मेव्हण्याला चार वाक्यं धड सांगता आली नसती. लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे, चहा बिनसाखरेचा घ्यायचे, आणि शब्दाला महाग. दोघांच्या वाटचं बोलायची ती ताई. ती गेली तेव्हा मेव्हण्याला वाटलं, आता या घराचा उंबरा आपल्याला परका झाला. कुठल्या निमित्तानं यायचं?

त्याच वर्षी भाऊजींचा फोन आला. "मेव्हणे, रविवारी मोकळे आहात का? गाडीच्या शाफ्टला ग्रीस करायचंय. चार हातांचं काम आहे."

त्यांच्या जुन्या मोटारसायकलला चेन नव्हती. इंजिनाकडून येणाऱ्या लोखंडी दांड्याचं, म्हणजे शाफ्टचं, दातेरी टोक मागच्या चाकाजवळच्या पेटीत शिरायचं. दात्यांत दाते बसले की चाक फिरायचं. वंगण वाळलं की दाते झिजतात, मग एक दिवस इंजिन नुसतं ओरडतं आणि चाक जागचं हलत नाही. म्हणून वर्षातून एकदा चाक काढायचं, पेटी ओढून वेगळी करायची, रॉकेलनं दाते पुसायचे आणि ब्रशनं काळं ग्रीस लावायचं. मेव्हणा लावायला बसला की भाऊजी म्हणत, "भिंतीला गिलावा करताय का? जास्तीचं सगळं बाहेर उडतं. पुसट लागलं की पुरे."

"मग तुम्हीच लावा."

"मी लावलं तर तुम्ही काय, नुसता चहा पिणार?"

जोडताना मेव्हण्यानं ती जड पेटी दोन्ही हातांनी सरळ धरायची आणि भाऊजींनी तिच्यातलं चक्र हळूहळू फिरवायचं. दाते जुळले की पेटी आपसूक आत सरकायची. "बसलं," भाऊजी म्हणायचे. दिवसभरातलं बोलणं बहुतेक एवढंच.

असं नऊ वर्षं चाललं. नवव्या वर्षी मेव्हण्याचे हात थरथरले, पेटी निसटली आणि ग्रीस लावलेले दाते अंगणातल्या मातीत गेले. भाऊजींनी सगळं पुन्हा पुसून काढलं, चकार शब्द काढला नाही. ते न बोलणंच मेव्हण्याच्या मनाला लागलं. आपली आता मदत कसली, अडगळच, असं त्यानं स्वतःशी ठरवून टाकलं. दहाव्या वर्षी फोन आला, तेव्हा त्यानं नाही म्हटलं.

दीड महिन्यानं भाऊजी झोपेतच गेले.

"मामा, बाबांची गाडी तुम्हीच न्या," भाची म्हणाली. न्यायची तर आधी ग्रीस करायला हवं होतं. मेव्हण्यानं चाक काढलं. एकट्यानं जोडताना पेटी कशावर तरी टेकवावी लागणार, म्हणून त्यानं अवजारांच्या कपाटाखाली हात घातला, तर एक लाकडी ठोकळा हाती आला. वरच्या अंगाला कोरलेली गोल खाच. पेटी तिच्यात अशी चपखल बसली की धरायची गरजच उरली नाही. जुन्या ग्रीसनं खाच काळी, गुळगुळीत झाली होती.

"हा कुठला गं?"

"तो होय? मी शाळेत होते तेव्हा बाबांनी केलेला. आईला रॉकेलचा वास सहन व्हायचा नाही ना, मग एकटेच करायचे सगळं."

भाची आत गेली. मेव्हणा चाकाशेजारी बसून राहिला. म्हणजे दोन हात पहिल्यापासून पुरत होते.

ग्रीसचा नवा डबा फळीवर होता, झाकण न उघडलेला. तो हातात घेतल्यावर त्याला फोनवरचं ते बोलणं आठवलं.

"या वर्षी नाही जमायचं, भाऊजी. गॅरेजमध्ये टाका ना गाडी. तिथं तासाभरात करून देतील."

"हो, देतील की." मग जरा थांबून, "डबा आणून ठेवलाय. तो काही खराब होत नाही. सवडीनं या."

"बरं. ठेवू मग?"

"ठेवा."