भाषण चालू असताना

उर्दू शाळेतले सर आणि मी सकाळी एकाच रस्त्यानं जायचो. त्यांची शाळा बंदराच्या अलीकडे, आमचं हायस्कूल पलीकडे. ते कायम नोकरीतले, गणिताचे, निवृत्तीला आलेले. मी तासिकेवर. म्हणजे वर्गात जेवढे तास उभी राहीन तेवढ्याचेच पैसे, आणि तेही दिवाळी उलटून गेली तरी हातात पडत नसत. सरांची मुलगीही अशीच तासिकेवर शिकवायची. कंटाळून तिनं शिकवणं सोडलं आणि नवऱ्यामागे दुबईला गेली. तिथं ती आता दुकानात बसते. हे सांगताना सरांचा आवाज नेहमी बारीक व्हायचा.

त्या हिवाळ्यात विरोधी पक्षाचे एक मोठे पुढारी आमच्या बंदरावर सभेला आले. विषय शिक्षणाचा होता. मुख्याध्यापकांनी आम्हाला जाऊ नका म्हणून बजावलं होतं, पण शनिवारची शाळा सुटल्यावर मी गेले. सर आधीच पुढच्या खुर्चीवर बसले होते.

मंडप मासळी सुकवण्याच्या मैदानात घातला होता. व्यासपीठामागे बांबूच्या वलांडी उभ्या, त्यांवर बोंबील टांगलेले. पुढारी बोलायला उभे राहिले आणि खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. ते म्हणाले, "दिल्लीत धोरणाचं जाडजूड पुस्तक छापलं. त्यात मातृभाषा आहे, कौशल्य आहे, हसतखेळत शिकणं आहे. पण शिकवणारा माणूस कुठे आहे त्यात? वाडीवरच्या शाळेला टाळं लावायचं आणि मास्तरला गवंड्यापेक्षा कमी मजुरीवर राबवायचं, हे तुमचं राष्ट्रीय धोरण?" मी टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या.

तेवढ्यात सर उभे राहिले. दोन्ही हात जोडून म्हणाले, "साहेब, बरोबर बोलताय. पण एक विचारायचं आहे. तुम्ही मंत्री होतात तेव्हाही माझ्या मुलीचा पगार थकला होता. तो का थकला?"

लोक हसले. पुढाऱ्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पुढचं वाक्य सुरू केलं. सर उभेच. "साहेब, उत्तर द्या ना."

"ए मास्तर, बस खाली!" पांढऱ्या टोपीतला एक दांडगा कार्यकर्ता ओरडला. सर बसले नाहीत. मग त्यानं आणि आणखी तिघांनी त्यांना काखेत धरून उचललं आणि व्यासपीठाच्या मागे नेलं. लोकांना वाटलं, बाहेर काढताहेत. मलाही तसंच वाटलं, तरी मी मागोमाग धावले.

मी पोचले तेव्हा सर वाळूत पडले होते. टोपीवाल्यानं वलांडीचा बांबू उपसला होता आणि तो त्यांच्या पाठीवर, खांद्यावर, डोक्यावर घालत होता. बाकीचे लाथा मारत होते. सर ओरडत नव्हते, फक्त चष्म्यासाठी वाळूत हात फिरवत होते. एकानं त्या हातावर बूट ठेवला. आणि कर्ण्यातून पुढाऱ्यांचा आवाज येत होता, "ज्या देशात गुरुजींचा मान राहत नाही, तो देश…"

मी टोपीवाल्याच्या पाठीवर झेप घेतली आणि त्याच्या मानेला चावले. रक्ताची चव अजून आठवते. त्यानं मला झटकून टाकलं आणि बांबू फिरवला. मी डावा हात वर केला. हाडाचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

बोंबील काढणारी एक कोळीण मासळी कापायची कोयती घेऊन धावत आली. "सोडा त्याला! मरंल तो! न्हाय सोडलात तर एकेकाला उभा चिरीन!" ती खरंच वार करणार, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. चौघं पळाले. व्यासपीठापुढे टाळ्यांचा कडकडाट झाला. भाषण संपलं होतं.

अलिबागच्या दवाखान्यात माझ्या हाताला प्लास्टर घातलं. सरांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि डाव्या कानाचा पडदा फाटला होता. तिसऱ्या दिवशी पुढारी भेटायला आले. शाल, फळांची टोपली, फोटो काढणारा, सगळा लवाजमा. ते सरांना म्हणाले, "ती आमची मुलं नव्हती. सभा उधळायला बाहेरची माणसं घुसली होती."

फळांची टोपली ज्याच्या हातात होती, त्याच्याकडे मी पाहिलं. टोपी नव्हती, पण मानेवर पट्टी होती.

"भाभी," मी सरांच्या बायकोला म्हणाले, "हाच तो."

भाभी खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. सबंध आयुष्यात त्यांचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. त्या उठल्या, टोपली त्याच्या हातातून ओढून जमिनीवर आपटली आणि त्याच्या थोबाडीत दिली. परत दिली. "माझ्या माणसाला जनावरासारखं मारलंस आणि सफरचंदं आणतोस?" तिसरा हात उगारला तेव्हा पुढारी मध्ये आले. भाभींनी त्यांच्याकडे बोट केलं. "तुम्ही आधी ह्यांना जवाब द्या. मग शाल."

पुढारी दाराकडे वळले. फोटो काढणाऱ्यानं कॅमेरा खाली घेतला होता. दुसऱ्या दिवशी सत्ताधारी पक्षाची माणसं आली, सरांना आपल्या सभेत बसवायचं म्हणाली. सरांनी त्यांनाही हाकललं. "माझं तोंड सुजलं आहे, ते तुमच्या पोस्टरसाठी नाही," एवढंच म्हणाले.

आम्ही फिर्याद दिली. कोळीण साक्षीला उभी राहिली. टोपीवाल्याला पकडलं आणि जामिनावर सोडलं. जूनमध्ये आमच्या हायस्कूलनं मला तास दिले नाहीत. नव्या धोरणात विषयांची फेररचना झाली आहे, असं कारण सांगितलं. मी आता चौलला घरी शिकवण्या घेते. सर पुन्हा शाळेत गेले. पोरं प्रश्न विचारायला त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहतात.

खटला चालू आहे. मागच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात तो माणूस माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "बाई, चुकलं. माझीही बायको अंगणवाडीत आहे. तिचाही पगार थकलाय. मिटवून टाका."

सर म्हणाले, "ऐकून तर घेऊ." ते खरंच ऐकायला तयार होते, चांगला कान त्याच्याकडे करून.

मी तयार नव्हते. माझ्या मुठी वळल्या होत्या. त्याच्या बायकोचं मला वाईट वाटलं आणि त्याच क्षणी त्याचं तोंड फोडावंसंही वाटलं. दोन्ही खरं होतं. "बाजूला हो," मी म्हणाले, आणि पुकारा झाला तशी आत साक्ष द्यायला गेले.