आकडे घुसवणाऱ्या मुलाची चौकशी

किस्से गोळा करते म्हटलं तर एक सापडत नाही. पण शेजारच्या खोलीत दोन बिनलग्नाचे इंजिनीअर राहायला येऊ द्या, आणि त्यातल्या एकाची चौकशी आपल्या गळ्यात पडू द्या, मग बघा! सकाळी दूध घ्यायला दार उघडावं, तर नवा किस्सा दारात उभाच.

मिलिंद आणि विनायक अशी त्या दोघांची नावं. ऐंशीनंतरची गोष्ट. आमच्या अख्ख्या गल्लीत टीव्ही एकच होता, आणि ही पोरं शहराबाहेर हिंगण्याच्या कारखान्यात चक्क कॉम्प्युटर बनवायची. मिलिंद मूळचा खाप्याचा. माझ्या भंडाऱ्याच्या बहिणीनं, कमलनं, तिच्या शोभासाठी त्याचं स्थळ काढलं. दुसरं स्थळ खापरखेड्याचं होतं. क्वार्टर, पगार, सगळं होतं. फक्त शोभानं शाळेतली नोकरी सोडावी ही त्यांची अट. शोभा त्यावर दोन दिवस जेवली नव्हती.

कमल मला म्हणाली, "तू त्याच्या भिंतीले भिंत लावून राहतं. तू चांगला म्हटलं तरच बोलणं करू. नाही तर खापरखेड्याले होकार देऊन टाकतो."

मी सातवी पास बाई. पण नजर ठेवायला शिक्षण लागत नाही.

*

पहिल्याच रविवारी दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला. एक जण म्हणतो, "एफ सात, तीन डी." दुसरा म्हणतो, "परत म्हण." पुन्हा तेच. असं तासभर.

मटका! शोभाला मटकेवाल्याच्या घरी द्यायची?

तडक कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे गेले. त्याला या विषयातलं सगळं कळायचं. त्यानं ऐकून घेतलं, चुना लावता लावता थांबला आणि मलाच संशयानं बघत म्हणाला, "बाई, मटक्यात एफ कुठून आला?"

संध्याकाळी आमच्या ह्यांना सांगितलं. हे ऑफिसातले बडे बाबू, पेपर कोरून कोरून वाचणारे. मटका नाही म्हटल्यावर ह्यांनी चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, "मग विदेशी हात असन."

त्या रात्री हे दाराला दोन कड्या लावून झोपले.

*

शेवटी मीच वांग्याची भाजी घेऊन गेले आणि सरळ विचारलं. मिलिंदनं नीट समजावून सांगितलं, हे कबूल करायला पाहिजे.

कॉम्प्युटरला म्हणे ठरलेले हुकूम कळतात. ह्या पोरांच्या कारखान्यानं त्यात स्वतःचे काही नवे हुकूम घातले. मशीनला ते कळतात. पण आपण लिहिलेल्या शब्दांचे आकडे करून देणारा एक प्रोग्रॅम असतो, तो बाहेरून आणलेला. त्याला हे नवे हुकूम ठाऊकच नाहीत.

"शब्द लिहिला की तो चूक म्हणून फेकून देते, काकू. म्हणून आम्ही शब्द लिहीतच नाही. तिथं सरळ आकडा ठेवतो, एफ सात, तीन डी असा; मशीनच्या आकड्यात अक्षरंही येते. त्याले वाटते साधा आकडा आहे, जाऊ देते. अन् मशीनजवळ पोचला की तो हुकूम होते."

"म्हणजे तपासणाऱ्याच्या नकळत घुसवता?"

"हो ना," तो खुशीत म्हणाला. "त्याले कळूच देत नाही."

मी भाजीचं भांडं तिथंच विसरून आले. असं तोंडभर हसून कोणी फसवणूक कबूल करतं का? बरं, हे आकडे तो कुठं बसवायचा? सगळ्यात आतल्या प्रोग्रॅममध्ये, ज्याच्या जिवावर बाकी सगळे चालतात. वरवर तरी करायचं!

*

एकदा सकाळी मिलिंद नळावर उभा. बादली भरून वाहतेय, मागं बायकांची रांग, आणि हा आकाशाकडं बघतोय. बायका बोलू लागल्या तरी हा ढिम्म. एकाएकी कपाळावर हात मारला, "उलटं झालं!" म्हणाला आणि बादली तशीच टाकून कंपनीच्या बसमागं पळाला. पायात स्लीपर, अंगात बनियन!

बाई असणार, मी मनात म्हटलं. बाईशिवाय माणूस बनियनवर पळत नाही.

विनायककडून खरं काढलं. त्या आकड्याचे दोन तुकडे असतात, कोणता आधी ठेवायचा ते ठरलेलं. ह्यानं उलटे ठेवले. तपासणारा प्रोग्रॅम तर बघतच नाही, त्यानं जाऊ दिलं. मशीन तो भलताच हुकूम समजलं आणि गप उभं राहिलं. मोठे साहेब मशीनच बिघडलं समजून आदल्या दिवशी सकाळपासून पाना-पेचकस घेऊन वायरी उघडत बसले होते.

"मग ह्यानं काय केलं?" मी विचारलं.

"सांगून टाकलं ना गा... म्हणजे काकू, साहेबाले सांगितलं त्यानं, चूक माही आहे म्हणून. साहेब असे तापले का विचारू नका."

ते मी ऐकलं, पण कमलला कळवलं नाही. बनियनचं तेवढं कळवलं.

*

आता शेवटचा किस्सा. कमलला मी लिहिलं होतं की पोरगा हुशार आहे, पण आतल्या गाठीचा वाटतो. तरी शोभा अडून बसली, की एकदा बघू तरी द्या. मग आमच्याच घरी कार्यक्रम ठरला.

भाऊजी, म्हणजे शोभाचे वडील, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. हिरवा झेंडा दिसल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसत. पोह्यांची बशी खाली ठेवून त्यांनी थेट विचारलं, "तपासणाऱ्याच्या नकळत तुम्ही काहीबाही घुसवता म्हणे?"

मिलिंदनं माझ्याकडं बघितलं. मी चमच्यांकडं.

"हो," तो म्हणाला.

"अन् चुकलं तर पकडणार कोण?"

"कोणीच नाही. म्हणून दोघं जण मोठ्यानं वाचून ताडून पाहतो. तरी एकदा चुकलो होतो."

भाऊजींनी कमलकडं बघून मान हलवली. संपलं सगळं, मला वाटलं. तेवढ्यात शोभा म्हणाली, "नुसता आकडा ठेवला तर उद्या दुसऱ्यानं वाचताना त्याला कसं कळणार, तो कशाचा आहे?"

"बाजूले लिहून ठेवतो मी."

"दरवेळी?"

मिलिंदनं रुमाल काढून मान पुसली. "नाही. कधी कधी राहून जाते."

भाऊजींनी पोह्यांची बशी परत उचलली. मग कमलनंच दोघांना बोलायला मागच्या अंगणात पाठवलं. मी लिंबू आणायच्या निमित्तानं निघाले होते, पण ह्यांनी माझा पदर धरून ठेवला.

शोभा परत आली ती चेहरा अगदी सरळ ठेवून. कमलनं विचारलं, "काय ठरलं वं?"

"नोकरी सोडायची नाही."

"अन् आणखी?"

"त्यांना म्हटलं, लग्नाच्या आधी हिंगण्याकडं खोली बघा. मावशीच्या शेजारी नको."