दुबईतलं घर आणि गोदावरीवहिनींचे पेले

घर विकत घ्यायला निघालेली माणसं मी पुष्कळ पाहिली. कुणी नळ सोडून बघतं, कुणी भिंतीवर टिचकी मारतं, कुणी जिन्यातल्या चपलांवरून शेजारी कसे असतील त्याचा अदमास घेतं. मी स्वतः चपला बघणाऱ्यांतला. पण रिकाम्या घरात शिरून, पिशवीतून स्टीलचं ताट आणि दोन पेले काढून, ते फरशीवर मांडून त्यांच्यासमोर मांडी ठोकणारी बाई माझ्या माहितीत एकच. आमच्या गोदावरीवहिनी. आणि हा उद्योग त्यांनी केला तो थेट दुबईत.

वहिनी मूळच्या नांदेडच्या, वजिराबादेतल्या. लग्न होऊन लातूरला आल्या. नवरा अनंतराव, माझा कॉलेजातला दोस्त. गड्यानं जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं आणि घरात मात्र गुरुत्वाकर्षण एकाच दिशेनं चालतं हे मुकाट मान्य केलं.

त्र्याण्णव साली गणपती बुडवून लोक घरी येऊन झोपले आणि पहाटे भूकंप झाला. लातुरातल्या ह्यांच्या घराला साधी चीरसुद्धा गेली नाही. पण वहिनींची धाकटी मावशी औसा तालुक्यात दिलेली होती. तिच्या सासरच्या घराच्या दगडी भिंती दोन-दोन हात रुंद, आणि त्याचं त्या गावाला कोण कौतुक. त्या भिंतींनीच तिला घेतलं. वहिनी ह्यावर कधी बोलल्या नाहीत, तेव्हा मीही जास्त बोलत नाही.

त्या दिवसांत सगळं लातूर अंगणात झोपायचं. आणि घरोघर एक युक्ती चालायची. ताटात एक पेला पालथा ठेवायचा, त्याच्या बुडावर दुसरा सुलटा. जमीन जरा हलली की वरचा पेला ताटात खणकन पडणार आणि घर जागं होणार. हळूहळू लोकांनी पेले पुन्हा पाणी प्यायला घेतले, दिवाळी-संक्रांतीपर्यंत माणसं स्लॅबखाली झोपायला गेली. वहिनी गेल्या नाहीत. अनंतरावानं अंगणात पत्र्याची एक लांबलचक खोली उठवून दिली, ती तात्पुरती. तात्पुरती म्हणजे ती आजही तिथंच आहे.

मग लातुरात शिकवण्यांचा सुकाळ आला. मुरुडहून, उदगीरहून, पार मुदखेडहून आईबाप पोरांना ट्रंकेसकट आणून सोडायला लागले. ज्याच्या घराला जिना होता त्यानं खोल्या काढल्या. वहिनींनीही काढल्या. म्हणजे कसं, की स्लॅबच्या पक्क्या घरात मुदखेडची पोरं, आणि घरमालकीण पत्र्याखाली. मी एकदा विचारलं, "वहिनी, दुसऱ्याची लेकरं स्लॅबखाली चालतात होय?"

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्यांच्या खोलीत मी पेले मांडून येते की रोज. तुमच्या बायकोनं तुमच्या उशाला कधी मांडले का?"

आमच्याकडं तेव्हा माझ्या घोरण्यानंच पेले पडले असते.

एकदा मांजरानं पेले पाडले आणि बारावीची सगळी पोरं टॉवेलवर रस्त्यात आली. समोर मुलींचं वसतिगृह होतं. त्यातल्या एकाचं पुढं काय झालं आणि कुणाशी लग्न जमलं ते मला माहीत आहे, पण दोघंही आता डॉक्टर आहेत आणि माझा रक्तदाब तीच बघतात.

ह्या सगळ्यात वहिनींचा मुलगा अनिमेष वाढला. पत्र्याखाली झोपून बारावी झाला, विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनियर झाला आणि दुबईला नोकरीला लागला. बायको केली नांदेडची मुग्धा. पोरगी गुणी, हसरी, आणि मुख्य म्हणजे माझ्याशी फोनवर निवांत बोलणारी. पुढचं बहुतेक सगळं मला तिनंच सांगितलं. अनंतरावानं त्यातलं निम्मं खोडून काढलं, म्हणजे तेवढं नक्की खरं.

दुबईत ही दोघं भाड्यानं राहायची. मालक म्हणाला की उठायचं. एका घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. अनिमेषच्या हातात पैसा आला, घर घ्यायचं ठरलं. पण त्यानं एक हट्ट धरला. घर घेईन तर आईबाबा येऊन राहतील असंच घेईन. आई ज्या घरात झोपणार नाही ते घर मला नको. झालं! म्हणजे मुग्धाच्या घराची किल्ली सासूच्या झोपेत अडकली.

संक्रांतीच्या सुमारास अनंतराव आणि वहिनी दुबईला गेले. सामानात तिळगूळ, काळा मसाला, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ताट नि दोन पेले. विमानतळावर तपासणाऱ्या पोरीनं पेले उचलून विचारलं, हे काय? वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मशीन हाय."

घर दाखवायला जो दलाल होता, तो निघाला उदगीरपलीकडच्या, बिदरकडल्या भालकीचा. चन्नबसप्पा नाव. गळ्यात टाय, तोंडात तीन भाषा. वहिनींना पाहताच तो म्हणाला, "अक्का, आपल्याकडच्या माणसाला मी खोटं सांगत नाही."

"मग बाकीच्यांना सांगतोस होय रे?" वहिनी म्हणाल्या.

"धंदा हाय की अक्का!"

त्यानं आधी दाखवलं ते सोळाव्या मजल्यावरचं. खिडकीतून समुद्र, खाली पोहायचा हौद. मुग्धाला बघताक्षणी आवडलं. वहिनींनी समुद्राकडं बघितलंसुद्धा नाही. स्वैपाकघराच्या ओट्यावर ताट मांडलं, पेल्यावर पेला ठेवला आणि "बघू जरा वेळ" म्हणून बाल्कनीच्या दाराशी उभ्या राहिल्या. चन्नबसप्पाला वाटलं वास्तूची पूजा असेल. त्यानं आदरानं बूट काढले.

थोड्या वेळानं खण्ण!

"भायेर!" वहिनी ओरडल्या. नांदेडात जन्मलेल्या, लातुरात नांदलेल्या बाईचा तो आवाज. त्यांनी मुग्धाचं मनगट धरलं आणि लिफ्टकडं ढुंकूनही न बघता जिन्याला लागल्या. मागं अनिमेष, मागं चन्नबसप्पा मोज्यांवर. शेजारचा फ्लॅट बघायला आलेले एक गोरे नवरा-बायको होते. त्यांना मराठी येत नव्हतं, पण कळलं. तेही पळाले. त्यांना बघून खालच्या मजल्यावरचे पळाले. थोड्याच वेळात खाली गाड्यांच्या जागेत एवढी जत्रा जमली, की चौकीदारानं शिट्टी फुंकली.

जमीन काही हलली नव्हती. सगळ्यात शेवटी लिफ्टनं निवांत खाली आले ते अनंतराव.

"अहो, लिफ्टमधून आलात? अक्कल हाय का न्हाई?"

"अगं, काही झालेलंच नाही."

"मग पेला कसा पडला?"

ह्या प्रश्नाचं उत्तर अनंतरावानं तिथं दिलं नाही. मला लातुरात येऊन दिलं, चहाच्या टपरीवर, इकडंतिकडं बघत. गड्याला तहान लागली होती. त्यानं वरचा पेला उचलला, नळाचं पाणी प्याला, आणि घाईत परत ठेवला तो ओला. जन्मभर घर्षण शिकवणारा माणूस! "तू कुणाला सांगू नकोस," म्हणाला. म्हणून मी इथं फक्त लिहितोय.

पण त्या संध्याकाळी हसायला कुणाला सुचलं नाही. वहिनींचे पाय सुजले होते. अनिमेष म्हणाला, "राहू दे. आपण भाड्यानंच राहू. आईला तकलीफ द्यायला मी घर घेत नाही." विषय संपला म्हणून तो टीव्ही बघायला गेला.

मुग्धा सासूचे पाय शेकत बसली होती. वहिनींची नजर खोलीत फिरत होती. कोपऱ्यात पुठ्ठ्याचे खोके छतापर्यंत रचलेले. वहिनींनी विचारलं, "हे काय गं? अजून सामान लावलं नाहीस?"

"लग्नातली भांडी आहेत, आई."

"लग्नाला किती वर्षं झाली बाई!"

"झाली. पण काढायची, लावायची, आणि मालकानं उठवलं की परत गुंडाळायची. दोनदा केलं. मग नाही काढली." दुसरा पाय शेकायला घेत ती म्हणाली, "माझ्या आईनं दिलेला डबा आहे त्यात पुरणयंत्राचा. कुठल्या खोक्यात आहे तेही आता आठवत नाही."

वहिनी बराच वेळ त्या खोक्यांकडं बघत राहिल्या. पेल्यांवर पेले रचावेत तसे ते एकावर एक उभे होते. मग त्यांनी हाक मारली, "अनिमेष, त्या भालकीवाल्याला विचार. जमिनीवरचं घर हाय का एखादं?"

होतं. शहरापासून दूर, वाळू हटवून वसवलेली एक वसाहत. सगळी बाहेरदेशची माणसं. एक घर आयर्लंडचं, एक लेबनानचं, एक कोचीनचं, आणि सगळी घरं एकसारख्या बदामी रंगाची. आपला माणूस आपलं घर ओळखणार कसा, हाच प्रश्न. तिथले नियमही अजब. दाराचा रंग बदलायचा नाही. दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत.

"मग लुगडं काय तोंडानं फुंकून वाळवायचं?" वहिनींनी विचारलं.

"मशीन हाय अक्का."

वहिनींनी अंगण बघितलं. चांगलं ऐसपैस होतं. त्यांचा चेहरा जरा उजळला. "इथं पत्र्याची एक खोली टाकता यील."

चन्नबसप्पानं घाम पुसला. "अक्का, पत्रा बिलकुल चालत नाही. पत्रा टाकला तर आधी मला बाहेर काढतेत."

"मग तूबी झोप अंगणात."

अनिमेष हसला. मुग्धा मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली, कुणाला तोंड दिसू नये अशी. वहिनींनी पिशवी उघडली. अंगणातल्या फरशीवर ताट मांडलं, पेल्यावर पेला ठेवला. अनंतरावाला लांब उभं केलं. पेला का पडला ते कुणी सांगितलं नसलं तरी बायकांना कळतंच.

मधल्या कुंपणाची मेंदी कमरेइतकी. पलीकडं एक म्हातारी झाडांना पाणी घालत होती. गोरीपान, नाक धारदार, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. इराणची. सगळी वसाहत तिला खानम म्हणायची. तिनं पेल्यांकडं बघितलं, पाण्याची नळी खाली टाकली आणि मेंदीपाशी आली. एक बोट पेल्यांकडं करून म्हणाली, "ज़ेलज़ेले?"

आता आमच्या वहिनींना इंग्रजी येत नाही, फारसी तर नाहीच. पण त्यांचं लहानपण वजिराबादेत गेलं. शेजारच्या उर्दू बोलणाऱ्या खालाजानकडं ज्यांचं दुपारचं बसणं-उठणं होतं, त्यांना भूकंपाचा तो शब्द पुन्हा शिकवायला कशाला लागतो?

"हाव!" वहिनी म्हणाल्या. "जलजला! लई मोठा!"

खानमनं मान हलवली. छातीवर हात ठेवला, लांब कुठंतरी, समुद्रापलीकडं, दुसरा हात केला. मग दोन्ही तळवे जमिनीला समांतर धरून हलवले, आणि एकदम खाली पाडले. वहिनींनीही तसंच केलं. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. कोचीनवाल्यांचा कुत्रा भुंकला तेव्हा हलल्या.

खानम त्यांना हाताला धरून आपल्या घरात घेऊन गेली. बाकी कुणाला बोलावलं नाही. त्यामुळं आत काय झालं त्याला वहिनींशिवाय साक्षीदार नाही, आणि त्यांनी मला जे सांगितलं ते एवढंच. खानमचा पलंग आत होता, पक्क्या छताखाली. पलंगाशी चपला, दाराकडं तोंड करून. उशाला बॅटरी, दोरीनं पलंगाला बांधलेली. आणि खिडकीत एक काचेची बाटली, मान खाली करून उलटी उभी केलेली. वहिनींनी हातवाऱ्यांनी विचारलं, इथं झोपतीस? खानमनं गालाखाली हात घेऊन डोळे मिटले. मग वर छताकडं बोट केलं, त्याच्याही वर केलं, आणि खांदे उडवले. मग चहा. साखरेचा खडा दातांत धरून प्यायचा. वहिनींनी कमरेच्या पिशवीतला तिळगूळ दिला. तीळ बघून म्हातारी लहान पोरीसारखी हसली.

वहिनी परत आल्या त्या सरळ आत गेल्या. रिकामं घर, नवा रंग, वर स्लॅब. ताट-पेले अंगणातून उचलून आत आणले, दाराशी मांडले. चपला काढल्या, दाराकडं तोंड करून ठेवल्या. मुग्धाची ओढणी मागून घेतली, फरशीवर पसरली.

"जरा पडते," म्हणाल्या.

अनिमेष दाराबाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हे मुग्धाचं म्हणणं. सात वर्षांचा असल्यापासून त्यानं आईचा पत्र्याशिवाय कशाखाली डोळा लागलेला पाहिला नव्हता; त्याच्या भाड्याच्या घरातही ती आल्यापासून रात्र पेल्यांशी बसूनच काढत होती. तो कुणाला गाडीचं दार लावू देईना. चन्नबसप्पाचा फोन वाजला तर त्यानं तो हिसकावून घेतला. अनंतराव पायरीवर बसले. त्यांना पुन्हा तहान लागली होती, पण उठायची त्यांची छाती झाली नाही.

आतून हळूहळू घोरणं ऐकू यायला लागलं. आमच्या घरच्या मानानं फारच सौम्य.

ऊन कलल्यावर वहिनी उठल्या. पेले जागच्या जागी होते. त्यांनी वरचा पेला उचलला, स्वैपाकघरात गेल्या, नळ सोडून पाणी भरलं आणि अनंतरावाच्या हातात दिलं. "घ्या. आता खुशाल प्या." मग मुग्धाकडं वळल्या. "घरी गेल्यावर आधी ते पुरणयंत्र हुडकू. होळीला पोळ्या इथंच करायच्या."

मुग्धा रडली का, हे मी विचारलं नाही.

आता वर्षातले चार महिने वहिनी तिकडं असतात, आत, पलंगावर, छताखाली झोपतात. खानमबाईनं त्यांना बाटली उलटी कशी उभी करायची ते शिकवलं, ह्यांनी तिला पुरण. कोण कुठल्या भाषेत बोलतं ते अनिमेषलाही अजून उमगलेलं नाही.

लातुरात आल्या की मात्र पुन्हा पत्र्याखाली. परवा मी म्हटलं, "वहिनी, दुबईचा स्लॅब चालतो, मग लातूरच्यानं काय घोडं मारलं?"

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हा स्लॅब टाकणारा ठेकेदार तुमचा मेहुणा होता. मी विसरले न्हाई."