नेहमीसारखे या

कुमुदमावशी कुणालाही भेटल्या की आधी चेहऱ्याकडे नाही, कमरेकडे बघायच्या. मिनियापोलिसच्या आमच्या मराठी मंडळात मी नवी पैठणी नेसून मिरवत होते, तर पांढऱ्या बॉबकटची ही बाई पर्समधून शिंप्याची टेप काढून म्हणाली, "किती बारीक दिसतेस गं! पोट मोजू दे जरा." मी एवढी चिडले की काही विचारू नका. मागाहून कळलं की या मूळच्या बार्शीच्या डॉक्टर, इथल्या इस्पितळात मधुमेहावर संशोधन करतात आणि एका अभ्यासासाठी आपली माणसं शोधताहेत. महिनाभरात मी इस्पितळातल्या त्यांच्या तपासणीच्या खोलीत पलंगावर आडवी होते.

ती खोली अजून माझ्या स्वप्नात येते. खिडकीबाहेर बर्फ पडत असायचा. एका हाताच्या शिरेतून इन्शुलिन आणि साखरेचं पाणी थेंबाथेंबाने आत जायचं, दुसरा हात ऊबदार पॅडवर, त्यातून मावशी सारखं रक्त घ्यायच्या. रक्तातली साखर जागची हलू नये म्हणून साखरेची धार कमीजास्त करत राहायच्या. जितकी जास्त साखर द्यावी लागेल, तितकं तुमचं शरीर इन्शुलिनचं ऐकतंय, असा हिशेब. मला गुंगी यायची. त्या गुंगीत बर्फ आणि बार्शी एक होऊन जायचे. मावशींचा आवाज तेवढा जवळून येत राहायचा.

"इन्शुलिन म्हणजे हाक. पेशींनी ओ द्यायची आणि साखर आत घ्यायची. ओ आली नाही की शरीर आणखी मोठ्यांदा हाका मारतं. रिपोर्टात साखर नॉर्मल, आणि आत घसा बसत आलेला."

त्यांच्या अक्काचं तसंच झालं होतं. अक्का म्हणजे थोरली बहीण. वर्षानुवर्षं "साखर नॉर्मल आहे" म्हणून डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं. रोग कळला तेव्हा डोळे गेले होते. "बार्शीत कुणाला अर्धा दिवस झोपवून सुया लावणार?" मावशी म्हणायच्या. त्यांना हवी होती सोपी तपासणी: पोटाचा घेर आणि उपाशीपोटी एकदाच काढलेलं रक्त. तिचा अंदाज या लांबलचक तपासणीशी जुळायला हवा होता, आणि तेच माणूस पुन्हा तपासलं तर पुन्हा तसाच यायला हवा होता.

तो येत नव्हता. त्याच माणसाचे दोन सकाळचे आकडे दोन दिशांना तोंडं करून बसायचे. मावशींनी यंत्रं बदलली, नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवले. शेवटी वरिष्ठांनी बजावलं, उन्हाळ्यापर्यंत जुळलं नाही तर काम बंद. मावशींचं काम करतानाचं नेहमीचं गुणगुणणं थांबलं, तेव्हा मला खरी भीती वाटली.

उलगडा झाला संक्रांतीच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात. आमच्यातला समीर कुलकर्णी ताटात नुसती काकडी घेऊन उभा होता.

"भात नाही घेतलास?"

"मंडेला तुमची टेस्ट आहे ना मावशी! फोर डेजपासून राइस कट केलाय, जिमला पण जातोय."

"आणि परत बोलावते तेव्हा?"

"तेव्हा काय, एकदा पास झालो ना यार!"

मावशींच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. त्यांनी सगळ्यांना विचारलं. सगळ्यांचं तेच! दहावी-बारावीच्या गुणांवर अमेरिकेत पोचलेली आम्ही मंडळी. परीक्षा म्हटली की अभ्यास आलाच. रक्तसुद्धा डिस्टिंक्शनमध्ये पास व्हायला हवं. मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "अरे गाढवांनो, रोज जेवता तसं जेवून झोपा. नेहमीसारखे या."

तेव्हापासून फोन ठेवतानाही त्यांचं हेच पालुपद असायचं. सगळे पुन्हा आले, वरणभात खाऊन, सुस्तावून, आपापल्या खऱ्या पोटांनिशी. बर्फ वितळेपर्यंत आकडे बऱ्यापैकी जुळले. मी बारीक, साखर नॉर्मल, तरी माझा घसा बसत आलाय हेही निघालं. "हा अंदाज आहे हं," त्या म्हणाल्या. "अंदाजाला अंदाजच म्हणावं. पण वेळेवर आलाय. चालायला लाग." मी अजून चालतेय.

निवृत्त झाल्यावर मावशी टेप घेऊन बार्शीला अक्काकडे गेल्या. घराच्या पुढच्या खोलीत बायकांना तपासायच्या. "अक्कासारख्या दोघी सापडल्या गं, डोळे शाबूत असताना!" असं फोनवर ओरडून सांगितलं होतं त्यांनी.

त्या झोपेतच गेल्याचं कळल्यावर मी अक्कांना फोन केला. मला रडूच येत होतं. अक्काच बोलल्या.

"सकाळी उठली की स्वयंपाकघरातून हाक मारायची मला. मी ओ देईपर्यंत मारत राहायची. मला दिसत नाही ना, तिला काळजी." मग म्हणाल्या, "आता मी मारते हाक. नेहमीसारखी."