नंदनवनातली बोट अन् माझा पेच

माझं लग्न एका बोटीमुळे जमलं. नागपुरात समुद्र नाही, हे मलाही माहीत आहे. (शाळेत मी गणितात नापास झालो होतो, भूगोलात नाही!)

गोष्ट ऐंशीच्या आसपासची. मी ट्रॅक्टरच्या एका वर्कशॉपात स्टोअरकीपर होतो. मिस्त्री आतून ओरडायचा, "ऑइल सील दे रे!" की मी ऑइल सील द्यायचो. हैड्रोलिकचा एकूण एक पार्ट मला नावानिशी ठाऊक होता. तो लावतात कुठे, हे विचारायची वेळ कधी आली नव्हती. पण आमचे बबनमामा स्थळ सांगायला बसले की थांबतात थोडेच! त्यांनी नागपुरातल्याच नंदनवन वस्तीतल्या एका मुलीच्या वडिलांना ठोकून दिलं, "पोट्टा हैड्रोलिकचा इंजिनिअर आहे जी. त्यानं हात लावला का मशीन बोलते!"

मुलीचं नाव शालिनी. तिचा फोटो मी आठ दिवस शर्टाच्या खिशात घेऊन हिंडत होतो आणि स्टोअरमध्ये नट मागितला की बोल्ट देत होतो. मला ती पोरगी हवी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून इंजिनिअरच्या बाबतीत मीही गप्प बसलो.

रविवारी सकाळी पांढरा शर्ट घालून मी मामांबरोबर मुलगी पाहायला गेलो. फाटक उघडलं तर अंगणात बोट! दोनचाकी गाड्यावर चढवलेली, मागे भली मोठी मोटर लटकलेली आणि मोटरीच्या मागे खाटेवर वर्षभराच्या कुरडया वाळत घातलेल्या. मुलीचे वडील दादाजी तलावावर मासेमारीचा ठेका घेत.

"या, या! पोहे होऊनच राहिले," दादाजी म्हणाले. "तवरक जरा हे पाहता का? इंजिनिअर घरी आला, आता बाहेरचा कायले बोलवू?"

मोटर त्यांनी मुंबईच्या लिलावातून आणली होती. एक बटण दाबलं की ती तेलाच्या जोरावर आपोआप वर उचलली जायची, म्हणजे उथळ पाण्यात पंखा चिखलात रुतत नसे. दुसरं बटण दाबलं की खाली.

"कालपर्यंत मस्त वर होती जी. आज सकाळपासून खाली पडली, उठूनच नाही राहिली. बाराले ट्रॅक्टर येते. असा गाडा नेला तर पंखा तलावापर्यंत रस्ता नांगरत जाईन!" मग मला ऐकू जाईल अशा बेतानं मामांना म्हणाले, "एवढं करून देते पोट्टा, तर साक्षगंधाची तारीख आजच काढू."

साक्षगंध, म्हणजे साखरपुडाच! मी फाटकाकडे पाहायला लागलो. मामांनी मात्र मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून शिडी काढून घेतली. "पाच मिनिटाचं काम आहे त्याचं!"

मी बटण दाबलं. आतून घुर्रर्र आवाज आला. मोटर ढिम्म.

"बॅटरी," मी गंभीरपणे म्हणालो.

"बॅटरी नसती तर घुर्रर्र काहून केलं असतं जी?" दादाजींनी विचारलं. (अशी सरळ बुद्धीची माणसं फार वाईट. विशेषतः सासरा म्हणून!)

"मग तेल. तेल वर चढत नाही." आमचा मिस्त्री कोणत्याही ट्रॉलीकडे पाहून हेच म्हणायचा, तेवढंच मला पाठ होतं. पाना घेऊन मी तेलाची नळी ढिली केली आणि आत डोकावलो. नेमकं तेव्हाच दादाजींनी मदत म्हणून बटण दाबलं. तेलाची चिळकांडी उडाली! पहिला मान माझ्या शर्टाला, दुसरा मामांच्या टोपीला आणि उरलेलं सगळं कुरडयांवर.

"माय वं!" आतून मुलीची आई धावत आली. "तीन दिवस गहू भिजू घातला होता मी! कोन मेला तेल सांडवून राहिला?"

"इंजिनिअर आहे वं तो," दादाजी हळूच म्हणाले.

"असू द्या! आमच्या कुरडया काहून तळून राहिला मंग? त्या बी कच्च्याच!"

नळी मी कशीबशी आवळली. आता शक्ती आजमावायची ठरली. मामा आणि दादाजी दोन बाजूंनी भिडले, "हं, उचल!" आणि मोटर अलगद वर आली! मला वाटलं, झालं काम. दोघांनी हात सोडले, तर ती पुन्हा सावकाश खाली.

"स्प्रिंग गेली," मी जाहीर केलं. (तिच्यात स्प्रिंग नसतेच, हे मला पुढे कळलं.)

त्यांनी पुन्हा मोटर उचलून धरली आणि मी न सापडणारी स्प्रिंग शोधायला खाली शिरलो. तेवढ्यात आत परतलेल्या मुलीच्या आईची हाक आली, "पोहे आणू का जी?" मामा टोपी धुवायला नळावर पळाले. दादाजी म्हणाले, "जरा धरता का, खुर्च्या मांडतो." जरा धरता का! सगळी मोटर माझ्या खांद्यावर आली. दोन्ही हात वर, कपाळावरून तेलाचे ओघळ, डावा पाय बरोबर पंख्याखाली, आणि समोरून तर्री-पोह्यांचा ट्रे घेऊन शालिनी!

फोटोपेक्षा ती कितीतरी छान होती. धरणीनं पोटात घ्यावं, असं मला आयुष्यात इतकं कधी वाटलं नव्हतं.

"पोहे घ्या," ती म्हणाली.

"ठेवा बाजूला. मी... मी जरा धरून आहे."

तिनं ट्रे बोटीत ठेवला. वाकून मोटरीच्या बुडाशी पाहिलं आणि मागून आलेल्या आईकडे वळली. "आई, हा पेच कोनं ढिल्ला केला वं?"

"मीच केला. मोटरीचं शेपूट मधात येत होतं, खाट कुठं लावू? तूच तं सांगितलं होतं, अठन्नीनं ढिल्ला केला का मोटर खाली येते म्हणून."

"अन् मंग आवळला काहून नाही?"

"मले काय माहीत आवळा लागते म्हणून!"

मोटरीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक त्या घरात एकट्या शालिनीनं वाचलं होतं. हा पेच ढिला असला की तेल आतल्या आत फिरतं, मोटर हातानं वरखाली होते, पण बटणानं उचलत नाही. तिनं आईकडून अठन्नी घेतली, खाचेत घालून पेच आवळला, घरातून तेलाचा डबा आणून मी उडवलं तेवढं तेल पुन्हा भरलं आणि बटण दाबलं. घुर्रर्र! माझ्या खांद्यावरचं ओझं हळूहळू वर निघून गेलं. मी तसाच हात वर करून उभा.

"पोट्टे, माहीत होतं तर अर्धा घंटा आत काय करून राहिली होती?" दादाजी ओरडले.

"मले कोनं विचारलं? पाहुणे आल्यावर बोलावल्याबिगर बाहेर यायचं नाही, असं तुमीच तं सांगितलं!"

बाराला ट्रॅक्टर आला आणि मोटर वर धरून बोट थाटात तलावाकडे निघाली. मी मुकाट्यानं चपला शोधायला लागलो. आता कसलं साक्षगंध! पण मागून दादाजींची हाक आली, "थांबा जी. पोरगी 'हाव, हो' म्हणून राहिली!" मामांनी ओली टोपी हवेत उडवली. मला खरंच रडू आलं. (तेल डोळ्यात गेलं होतं, असं मी सर्वांना सांगितलं.)

लग्नानंतर मी शालिनीला विचारलं, "हो काहून म्हणाली गं?"

"तुमाले येत काहीच नव्हतं," ती म्हणाली, "पण सगळे निघून गेले तरी तुम्ही हात सोडले नाही. मनात म्हटलं, हा माणूस धरलेलं सोडनार नाही."

आज इतकी वर्षं झाली. नातवंडांनाही ती हे डोळ्यांत पाणी आणून सांगते आणि मी विनयानं मान खाली घालतो. हात सोडले असते तर मोटर थेट माझ्या डाव्या पायावर आली असती, एवढं फक्त तिला कोणी सांगू नका!