प्रिय शालिनी

‘आपल्याला आणखी काही मदत करू शकतो का?’ हा प्रश्न खरा मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डिशचे कस्टमर केअरवाले फोन ठेवण्याआधी हे वाक्य म्हणतातच. तोवर आपण इतके तापलेले असतो की फोन आपटतो, नाहीतर ‘आधीची मदत तरी कुठे केलीत?’ म्हणून भांडण नव्याने सुरू करतो. माझी जात दुसरी, भांडणाऱ्यांची. आमच्या समोरच्या दारातले नाना मात्र क्षणभर थांबायचे, खरोखर विचार करायचे आणि म्हणायचे, ‘‘हां, है ना!’’

मग काहीही. इंदूरहून बोलणाऱ्या एका मुलीला त्यांनी विचारलं, की तुमच्याकडे पोह्यांत बडीशेप घालतात ती भाजून की कच्ची? एका मुलाला काकींच्या, म्हणजे बायकोच्या, गुडघ्यांसाठी तेल विचारलं. त्याने आईला विचारून सांगतो म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी खरंच स्वतःच्या नंबरावरून फोन केला. आमच्या नशिबी ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ आणि नानांच्या नशिबी अशी माणसं, याचा मला त्या काळी फार राग यायचा. टीव्ही तेव्हाही बंदच होता, पण तेल मात्र लागू पडलं.

मी लग्न होऊन साताऱ्याहून विक्रोळीच्या त्या चार मजली इमारतीत आले तेव्हा नाना कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचे वडील गिरणीत, गाव कुडाळकडचं, आणि बोलणं बहुतेक मालवणी. मला त्यातलं निम्मं कळायला वर्ष लागलं. कस्टमर केअरला फोन करायचा असला की ते आधी इस्त्रीचा शर्ट घालायचे, केस विंचरायचे आणि खुर्ची ओढून ताठ बसायचे. मी एकदा हसले तर म्हणाले, ‘‘हसतंस काय गो? ऑफिसाशी गंजीफ्रॉकार बोलतत?’’ मग चाळीस मिनिटं ते होल्डवरचं संगीत ऐकत तसेच बसले. ती धून काकींना इतकी पाठ झाली होती की बांगडे साफ करताना त्या तीच गुणगुणायच्या.

काकींचं नाव शालिनी, आणि डिश त्यांच्या नावावर होती. ती बसवायला माणूस आला तेव्हा नाना कामावर होते, म्हणून फॉर्मवर काकींनी स्वतःचं नाव घातलं आणि सही केली. खोली नानांच्या नावावर, रेशनकार्डावर पहिलं नाव नानांचं, गावचं घर दिरांच्या नावावर. काकींच्या मालकीची या पृथ्वीवर एकच वस्तू, गच्चीवरची ती छत्री. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, ‘‘डिश माझ्या नावार आसा हां!’’ रिचार्ज संपत आला की कंपनीचा निरोप यायचा. सुरुवात ठरलेली, ‘प्रिय शालिनी’. मी तो वाचून दाखवला की काकी नानांकडे बघत म्हणायच्या, ‘‘जल्मात माका कोणी प्रिय म्हणूक नाय. ह्या कंपनीन म्हटल्यान.’’ नाना लगेच रिमोट शोधायला लागायचे, तो हातात असला तरी.

निरोप मी वाचायचे, कारण ते माझ्याच मोबाईलवर यायचे. पुढे कंपनीला मोबाईल नंबर हवा झाला. नाना बॅटरी वाचावी म्हणून फोन बंद ठेवत आणि काकींचं फोनशी वाकडं. समोर माणूस दिसल्याशिवाय बोलायचं कसं, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. म्हणून नंबर माझा दिला गेला. पण तेवढ्याने भागेना. तिकडून हटकून विचारायचे, ‘‘खातेदाराशी बोलणं होऊ शकेल का?’’ मग नाना समोरून हाक मारायचे आणि मी पोळी तव्यावर टाकून जायचे शालिनी व्हायला. लग्नानंतर माझं आडनाव बदललं होतंच, नानांनी नावही बदललं. माहेरच्यांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

मी सव्वीस वर्षांची, खातेदार पासष्टीची. एकदा एका चौकस मुलाने जन्मतारीख पडताळून झाल्यावर विचारलंच, ‘‘मॅडम, आपला आवाज खूपच तरुण वाटतोय.’’ मी गडबडले. फोन स्पीकरवर होता. नाना माझ्या कानाशी पुटपुटले, ‘‘सांग तेका, रोज मासे खातंय म्हणान!’’ मी जन्माने माळकरी घरातली, पण ठासून सांगितलं, ‘‘रोज मासे खाते मी.’’ तो म्हणाला, ‘‘ओके मॅडम,’’ आणि खातं उघडलं. काकी आतल्या खोलीत पदर तोंडात धरून हसत होत्या.

बिघाडाला कारण बहुतेक वेळा एकच असायचं, एक कावळा. छत्रीच्या पुढच्या दांडीवर बसून तो झोके घ्यायचा आणि खाली मालिकेतल्या सासूचे चौकोनी तुकडे व्हायचे. त्याच्यासाठी नानांनी गच्चीवर काठी ठेवली होती. कंपनीला मात्र त्यांनी कधी कावळ्याचं नाव सांगितलं नाही, घरची भानगड बाहेर कशाला! फोनवर ते म्हणायचे, ‘‘हमारा छत्री हिल्या नहीं. तुम्हारा उपग्रह हिल्या होएंगा, जरा देखो.’’

एकदा टेक्निशियन दहा ते दोनमध्ये येणार होता. नाना शर्ट घालून दहापासून गच्चीवर. दोन वाजता माझ्या फोनवर निरोप आला, ‘प्रिय शालिनी, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ इमारतीत कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ‘‘द्या फोन, मी त्यांची चांगली वाट लावते.’’ नानांनी मला बाजूला केलं, नंबर लावला आणि मनापासून अभिनंदन केलं. ‘‘आदमी आया नहीं और काम हो गया, ऐसा हमारे कारखाने में कभी नहीं हुआ!’’ पलीकडची मुलगी इतकी खजील झाली की टेक्निशियन संध्याकाळच्या आत हजर. चिडण्याचा असा काहीच उपयोग होत नाही, हे मला तेव्हा कळलं. वळलं अजूनही नाही.

‘बॉक्स बंद करून पाच मिनिटांनी चालू करा’ हा कस्टमर केअरचा सल्ला नानांनी ज्ञान म्हणून स्वीकारला होता. माझं आणि नवऱ्याचं कडाक्याचं भांडण झालं आणि मी बॅग भरायला घेतली, तेव्हा ते दारातूनच म्हणाले, ‘‘आधी पाच मिनिटां प्लग काढून ठेव. मगे बघ.’’ मी त्यांच्याकडे जाऊन सोलकढी प्यायले. परत आले तर नवऱ्याने भांडी घासून ठेवली होती.

काकी गेल्या त्या अगदी साध्या तापाने. चार दिवस अंगावर काढला आणि पाचव्या दिवशी दवाखान्यात नेल्यावर त्या परतल्याच नाहीत. दहाव्याला आम्ही खाडीकडे गेलो. पिंड मांडला, सगळे मागे सरले, पण कावळा शिवेना. खारफुटीवर चांगले सात-आठ बसले होते, मान वाकडी करून बघत होते. मुलुंडला राहणारी त्यांची लेक रडत म्हणाली, ‘‘आई, बाबांना मी बघते गं.’’ नाही. जावई काही बोलले. नाही. मी म्हटलं, ‘‘काकी, तुमच्या कुंड्यांना मी पाणी घालीन.’’ तेही नाही. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलू लागले. तेव्हा मागे उभे असलेले नाना पुढे झाले. त्यांनी हात जोडले आणि जरा लाजतच म्हणाले, ‘‘शालन, डिश तुझ्याच नावार रवतली. मी नाव बदलूचंय नाय.’’

एक कावळा उतरला आणि सरळ पिंडावर चोच मारून गेला. लोकांनी सुस्कारे सोडले. नाना डोळे पुसत मला हळूच म्हणाले, ‘‘आपलोच तो. वळखलंय मी तेका. इतकी वर्षां हाकललंय, पण मनात धरूक नाय तेणा.’’ मी हसले आणि मग हुंदका आवरेना. गच्चीवरची काठी नानांनी दुसऱ्या दिवशी काढून टाकली.

बँक, रेशन ऑफिस, विमा, सोसायटी, सगळीकडे काकींच्या मृत्यूचा दाखला गेला. फक्त डिशवाल्यांना कळवलं नाही. लेक म्हणायची, ‘‘बाबा, साधा फॉर्म आहे, नाव बदलून घ्या.’’ नाना ऐकून घ्यायचे आणि शब्द दिलाय म्हणायचे. कुणाला, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मग इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांनी भाड्याच्या जागा शोधल्या. आम्ही घाटकोपरला आलो. लेकीने मुलुंडला बोलावलं तरी नानांनी ऐकलं नाही. म्हणाले, आता गावीच राहतो, शालनला जायचं होतं, मीच दरवर्षी ‘पुढल्या वर्षी’ म्हणत राहिलो. त्यांनी भांडी वाटून टाकली, कपाट विकलं, पण छत्री बरोबर न्यायची होती. पत्ता बदलायचा, म्हणजे खातेदाराशी बोलणं आलं. नानांनी शर्ट घातला, केस विंचरले आणि शेवटची हाक मारली.

खोली रिकामी होती. भिंतीवर काकींचा हार घातलेला फोटो तेवढा काढायचा राहिला होता. पलीकडून मुलीने विचारलं, ‘‘शालिनी मॅडमच बोलताय ना?’’ इतकी वर्षं बेधडक ठोकून दिलेलं ‘हो’ त्या दिवशी पटकन म्हणवेना. मी नानांकडे पाहिलं. ते फोटोकडे बघत होते. मी म्हटलं, ‘‘हो.’’

‘‘पत्ता बदलण्याचं कारण, मॅडम?’’

‘‘गावी जातेय,’’ मी म्हटलं. ‘‘कायमची. कधीपासून जायचं होतं.’’

नानांनी चष्मा काढला. मुलीने नवा पत्ता लिहून घेतला, शुभेच्छा दिल्या आणि विचारलं, आणखी काही मदत करू शकते का? मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नुसता हात हलवला. नानांनी या प्रश्नाला नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यांना सोडून राहायचं या विचाराने मला खरंच धसका बसला.

नाना तिकडे गेल्यावर फोन होत राहिले, पुढे कमी झाले. दोष माझा. शाळेच्या ऑफिसातली नोकरी, मुलाची दहावी, एक ना दोन. पण दर महिन्याला एक निरोप न चुकता यायचा, ‘प्रिय शालिनी, आपला रिचार्ज यशस्वी झाला आहे.’ तो वाचला की कळायचं, नाना बरे आहेत, जेवून टीव्हीसमोर बसलेत. मी मनात म्हणायचे, चला झकास, आणि कामाला लागायचे. आपण खुशाली विचारतोय असंच मला वाटायचं.

गेल्या वर्षी एका महिन्यात दुसराच निरोप आला. ‘प्रिय शालिनी, आपली सेवा खंडित करण्यात आली आहे.’ मी लगेच नानांना फोन लावला, लागेना. मुलुंडला लावला तर लेक म्हणाली, ‘‘अगं, माझाही दोन दिवस लागत नाहीये.’’ दुसरं काही सुचेना म्हणून मी कस्टमर केअरला फोन केला, रिचार्ज मारला, आणि पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘‘आपल्याला आणखी काही मदत करू शकतो का?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘त्या पत्त्यावरचं माणूस ठीक आहे का, एवढं बघून सांगा.’’

तो गोंधळला, पण फोन ठेवला नाही. जरा शोधून म्हणाला, ‘‘मॅडम, त्या भागातल्या टेक्निशियनच्या व्हिजिट बंद आहेत. वादळाने विजेचे खांब पडलेत असं लिहिलंय. लाईट नसेल, म्हणून फोनही बंद असतील.’’ मग थांबून म्हणाला, ‘‘पण शालिनी मॅडम तुम्हीच ना? मग घरात कोण आहे?’’

मी म्हटलं, ‘‘आमचे हे आहेत. एकटेच.’’

चौथ्या दिवशी लाईट आली, टीव्ही लागला, तसा नानांचा फोन आला. आवाज ठणठणीत आणि वर रागावलेला. ‘‘रिचार्ज कोणी मारल्यान गो? हय लाईटच नव्हती, तर मी रिचार्ज कित्याक मारू? फुकट गेले चार दिवस!’’ मी सगळं सांगितलं, ‘आमचे हे’सकट. ते खो खो हसले. मग म्हणाले, ‘‘आवाजाचा काय विचारल्यान नाय?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘आता माझाही आवाज खातेदाराच्या वयाला शोभतो.’’

छत्री वादळात हलली नव्हती आणि तिच्यावर रोज एक कावळा बसतो, असं त्यांनी सांगितलं. बोलणं संपत आलं तेव्हा मला ते वाक्य आठवलं. मी चेष्टेतच विचारलं, ‘‘नाना, आपल्याला आणखी काही मदत करू शकते का?’’

ते क्षणभर थांबले. पूर्वीसारखाच त्यांनी खरोखर विचार केला.

‘‘हां, है ना,’’ नाना म्हणाले. ‘‘असोच फोन करीत रव. रिचार्ज संपूची वाट बघू नको.’’